मंगळाच्या दऱ्या कक्षेतून अभ्यासताय? या चुका टाळा

मंगळावरची व्हॅलेस मरिनेरिस ही दरी 4,000 किलोमीटरपेक्षा लांब आणि काही ठिकाणी 7 किलोमीटर खोल आहे. मरिनर 9 यानाच्या फोटोंत ती 1971-72 मध्ये सापडली, म्हणून तिला त्याचंच नाव मिळालं. आज तिचे फोटो, उंचीचे नकाशे सगळं फुकट डाउनलोड होतं, त्यामुळे पुण्यातली कितीतरी पोरं कॉलेज सांभाळून घरी बसून यावर काम करतात आणि दरवर्षी त्याच त्याच जागी अडकतात. मीही अडकले होते म्हणून लिहितेय.

सगळ्यात जास्त फसवतात ते थर. कँडर कॅझ्मा या तिच्याच एका भागातले खडकांचे थर वरून बघितले की नागमोडी दिसतात आणि आपण लगेच "घड्या पडल्यात" असं लिहून मोकळे होतो. मी महिनाभर बसून त्या रेषा ट्रेस केल्या, घड्यांचा नकाशा केला, सरांनी तो बघितला आणि एवढंच विचारलं, "सिंहगड कधी वरून बघितलायस का गं?" घरी येऊन गुगल अर्थ उघडलं. आतकरवाडीतून मान वर करून बघितलं तर सिंहगडाचे बेसॉल्टचे कडे सरळ आडवे दिसतात, एकावर एक पायऱ्या रचल्यासारखे. पण वरून बघा, तोच कडा प्रत्येक घळीत आत शिरतो, प्रत्येक सोंडेवर बाहेर येतो, परत आत जातो. थर सपाटच आहे, पाण्याने डोंगर कुरतडलाय म्हणून रेषा वळते.

उपाय सोपा आहे, फोटोवर कॉन्टूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा टाका. थराची रेषा कॉन्टूरला धरून एकाच उंचीवर चालली तर थर आडवा, कॉन्टूर कापत वर-खाली गेली तर कललेला किंवा दुमडलेला. कँडरमध्ये काही ठिकाणी खरोखर दुमडलेले थरही आहेत, म्हणून तर ही तपासणी कधीच सोडू नका.

आता ते कॉन्टूर कुठून घेता यावर सगळं अवलंबून आहे. मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानावरच्या हायराइज कॅमेऱ्याचा एक पिक्सेल 25-30 सेंटिमीटरचा आणि मोला या लेसरने उंची मोजणाऱ्या उपकरणाच्या नकाशाचा पिक्सेल विषुववृत्तावर 463 मीटरचा, म्हणजे अख्खा कडा एका पिक्सेलमध्ये गडप होतो आणि उतार आहे त्यापेक्षा सौम्य येतो. हे दोन एकत्र करून दोन मीटर जाडीच्या थराची डिप (म्हणजे त्याचा कल) काढली तर आकडा येईल पण त्याला अर्थ नसेल. त्या जागेचं हायराइजच्या स्टीरिओ जोडीवरून (एकाच जागेच्या दोन कोनांतून काढलेल्या फोटोंवरून) केलेलं उंचीचं मॉडेल आहे का ते आधी शोधा. आणि डिपसाठी पॉइंट घेताना ते एका रेषेत घेऊ नका, सोंडेला वळसा घालून दोन्ही बाजूंनी घ्या, नाहीतर थोड्याशा चुकीने थराचं प्रतल कुठल्याकुठे फिरतं.

खड्डा टेकडीसारखा दिसतोय? मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर तिथल्या साधारण दुपारी तीनच्या सुमाराला फोटो काढतो, म्हणजे सूर्य पश्चिमेला, उत्तर वर ठेवलेल्या नकाशात उजेड डावीकडून. एक ओळखीचा क्रेटर शोधा, त्याची आतली डावी भिंत सावलीत दिसली की डोळा जागेवर येतो.

रंगांचंही तसंच. हायराइजच्या कलर फोटोत इन्फ्रारेड मिसळलेलं असतं, त्यातला निळा म्हणजे पाणी नाही, बहुतेक वेळा ती धूळ नसलेली बेसॉल्टची वाळू असते. क्रिझम हे त्याच यानावरचं खनिजं ओळखायचं उपकरण, त्याच्या स्पेक्ट्रममध्ये एकच खाच (म्हणजे ज्या तरंगलांबीला प्रकाश शोषला जातो ती जागा) बघून खनिजाचं नाव ठरवू नका. 2.1 मायक्रॉनच्या आसपासची खाच बघून परक्लोरेट हे क्लोरीनचं मीठ सापडल्याचं सांगितलं गेलं होतं आणि 2018 मध्ये दाखवलं गेलं की डेटा प्रोसेसिंगमधूनच तशी खोटी खाच तयार होऊ शकते. किझराइटसारखं सल्फेट म्हणायचं तर 2.1 सोबत 2.4 ची खाचही हवी, आणि तीही बऱ्याच पिक्सेलची सरासरी घेऊन फोटोच्या त्याच उभ्या कॉलममधल्या, खास खनिज नसलेल्या साध्या जागेच्या स्पेक्ट्रमने भागल्यावर टिकायला हवी.

"मंगळाची ग्रँड कॅन्यन" हे नाव ऐकून नदी शोधत बसू नका. कोलोरॅडो नदीने ग्रँड कॅन्यन कोरली, ही दरी मुख्यतः थार्सिस या ज्वालामुखींच्या प्रचंड प्रदेशाच्या फुगवट्याने कवच ताणून फाटल्यामुळे झाली, पाणी आणि दरडी नंतरच्या.

आणि दोन लेयर एकमेकांवर बसतच नसतील तर आधी रेखांश बघा, कँडर एका फाइलमध्ये 289 असतो (पूर्वेकडे 0 ते 360 मोजून) आणि दुसरीत उणे 71 (पश्चिमेला उणे धरून), जागा एकच.