मे महिन्यात खाडीवर गरवायला जाण्याआधी

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. मे महिन्यात पहाटे त्या पाण्यात पाय घातला तर ते चक्क कोमट लागतं. एप्रिल-मेमध्ये आपल्या किनाऱ्यालगतच्या अरबी समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान 30 अंशांच्या आसपास जातं. वर्षातलं हे सर्वांत गरम पाणी. चोणक, तांबोशी, गोबरा, कोकर हे गळाला जोर दाखवणारे मासे या दिवसांत खाडीच्या तोंडाशी आणि खडपाच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांच्या, आसपास फिरत असतात. शाळांना सुट्टी, आंबे उतरलेले, चाकरमानी गावाला आलेले. त्यामुळे आयुष्यात कधी रॉड न धरलेला माणूसही याच दिवसांत "मलाही घेऊन चला" म्हणतो. त्याला मी जे सांगतो तेच इथे लिहितोय. गरवायच्या, म्हणजे गळाने मासे धरायच्या, माझ्या तयारीतला निम्म्याहून अधिक भाग मासा लागण्यासाठी नसतो. मासा लागल्यानंतर त्याचं काय करायचं आणि आपण घरी कसं परतायचं, यासाठी असतो.

सुरुवात रॉडपासून करू नका, भिंतीवरच्या कालनिर्णयापासून करा. माझ्या मामाने मला शिकवलेला हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती साधारण भरतीची वेळ. चतुर्थीला 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता, त्रयोदशीला पावणेदहाला, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या सुमाराला. ही वेळ दुपारची तशीच रात्रीचीही, आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी तळाला. दर दिवशी वेळ पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून हे गणित जमतं. मिनिटांचा हिशेब हवा असेल तर भरती-ओहोटीचं कोष्टक मोबाइलवर मिळतं, तेही पाहा. पण तिथीवरून वेळ काढायची सवय लावून घ्या. बॅटरी संपल्यावर कामाला येते ती हीच.

मी स्वतः द्वादशी-त्रयोदशी गाठतो. उजाडताना पाणी चढत असतं, नऊ-पावणेदहापर्यंत चढत राहतं, आणि ऊन डोक्यावर यायच्या आत आपलं काम उरकतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी जेमतेम हलतं, आणि पाणी हललं नाही तर चोणक जागचा हलत नाही. उलट ऐन पौर्णिमा-अमावस्येचं उधाण संगमावर इतकं ओढतं की साधं शिसं तळाला टिकत नाही. नवख्या माणसाला मी उधाणाच्या दिवशी संगमावर नेत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

खडपावर जायचं असेल तर आणखी एक हिशेब पाठ हवा. भरतीचं पाणी सहाही तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाएवढंच चढतं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे एकूण दोन मीटर पाणी चढणार असेल तर मधल्या दोन तासांतच एक मीटर चढतं. पहिले दोन तास माणूस निर्धास्त असतो, "अजून बराच वेळ आहे" म्हणत असतो, आणि तेवढ्यात मागची घळ भरते. मी एकदा निवतीच्या बाजूला असाच अडकलो होतो. गुडघाभर पाण्यातून गेलो होतो आणि परतताना ते छातीशी आलं होतं. रॉड, पिशवी सगळं डोक्यावर धरून बाहेर आलो. मासा एकही नव्हता. तेव्हापासून खडपावर पाय ठेवण्याआधी परत फिरायची वेळ ठरवतो आणि घड्याळात गजर लावतो. गजर झाला की गळाला काही लागलेलं असो वा नसो, उठायचं. पाण्याकडे पाठ करून बसायचं नाही हेही तितकंच महत्त्वाचं. मामा म्हणायचा, "दर्याक पाठ दाखवू नको." सात-आठ लाटा लहान येतात आणि नववी बसल्या जागेवरून ओढते.

हवामान आठवडाभर आधीपासून पाहायला लागा. 2021 साली तौक्ते चक्रीवादळ 16-17 मेला आपल्या किनाऱ्यालगतून गेलं, त्याच्या आदल्या वर्षी निसर्ग 3 जूनला रायगडात धडकलं. मेचा उत्तरार्ध आणि जूनचे पहिले दिवस म्हणजे वादळाचेच दिवस, हे गृहीत धरून चालायचं. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेचा लाटांचा अंदाज रोज पाहा. दूरच्या समुद्रात उठलेल्या लांब लाटा, वारा पडलेला असतानाही किनाऱ्यावर येऊन आपटतात. निरभ्र आकाश बघून फसायला होतं ते त्यांच्यामुळेच. बंदरावर धोक्याचा बावटा चढलेला असेल तर पुढे काही विचारायचं कारण नाही. सकाळी मतलई वारा असतो तोवर खाडी आरशासारखी दिसते, दुपारी वायव्येचा खारा वारा सुटला की तीच खाडी लहान होडीला नको नको करते. म्हणून होडीने जाणार असाल तर अकराच्या आत परत यायचं, असं होडीवाल्याशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा. त्याच्याकडे प्रत्येकाला पुरेल इतकी लाइफ जॅकेट आहेत का हे तोंडी विचारू नका, डोळ्यांनी पाहा.

वळवाच्या पावसाचं वेगळं सांगतो. हातातला कार्बन फायबरचा रॉड वीज वाहून नेतो, आणि मोकळ्या पुळणीवर आपणच सर्वांत उंच असतो. गडगडाट ऐकू आला की रॉड आडवा ठेवायचा आणि पक्क्या घरात किंवा गाडीत जायचं. शेवटच्या गडगडाटानंतर निदान 30 मिनिटं परत पाण्यावर यायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप विजेची सूचना देतं, ते मोबाइलवर हवंच. 1554 हा तटरक्षक दलाचा क्रमांकही मोबाइलमध्ये असू द्या, आणि कुठे जातोय, किती वाजता परत येणार, हे घरातल्या एका माणसाला सांगून निघा.

कुठे चालतं आणि कुठे नाही, हेही निघण्याआधीच ठरवायचं. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं, साधारण 29 चौरस किलोमीटरचं. सिंधुदुर्ग किल्ल्याचा आणि पद्मगडाचा परिसर त्याच्या गाभ्यात येतो. तिथे गळ टाकायचा नाही. 1 जूनपासून यांत्रिक नौकांची पावसाळी मासेमारीबंदी सुरू होते, तेव्हा जूनमध्ये "कोणीतरी नेईल" या भरवशावर सुट्टी आखू नका. रात्री वायंगणी, तांबळडेग अशा कासवांच्या किनाऱ्यांवर जाणार असाल तर लक्षात ठेवा की ऑलिव्ह रिडलेची पिल्लं मेपर्यंत बाहेर पडत असतात. ती उजेडाच्या दिशेने जातात. आपल्या डोक्यावरच्या बॅटरीच्या झोतामुळे ती समुद्र सोडून उलटी चालायला लागतात. बॅटरीला लाल कागद लावा, नाहीतर त्या किनाऱ्यावर रात्री जाऊच नका.

आता सामान. खाडीसाठी सात-आठ फुटी मध्यम ताकदीचा रॉड, 4000 नंबरचं रीळ आणि 30 पौंडांची ब्रेड (विणलेली) लाइन यात बहुतेक सगळं भागतं. ब्रेडच्या पुढे दोन-अडीच हात 40 ते 60 पौंडांचा फ्लोरोकार्बन लीडर बांधा, कारण चोणकाच्या कल्ल्यावरचं झाकण पात्यासारखं धारदार असतं आणि बारीक तंगूस त्यावर घासली की तुटते. सुरमईच्या मागे जाणार असाल तर तारेचा तुकडा हवा, तिच्या दातांपुढे दुसरं काही टिकत नाही. गाठी घरी पंख्याखाली बसून बांधा, रात्रभर भिजवा आणि सकाळी हाताने ओढून पाहा. रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा किती जोराने ओढल्यावर लाइन सुटायची ते ठरवणारा ब्रेक, लाइनच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर लावायचा. 30 पौंडांच्या लाइनला साधारण चार किलो. अंदाजाने लावू नका, स्वयंपाकघरातला ताणकाटा घ्या, लाइनचं टोक त्याला बांधा आणि रॉड वाकवून बघा. मोठा मासा सुटतो तो बहुतेक वेळा या पाच मिनिटांच्या आळसापायी.

आमिष म्हणून जिवंत सुंगटासारखं (कोळंबीसारखं) खाडीत दुसरं काही नाही असं माझं मत आहे. त्याखालोखाल पेडवे (लहान तारल्यासारखे मासे) आणि म्हाकुलाचे (स्क्विडचे) तुकडे. प्लॅस्टिकचं आमिष वापरणाऱ्यांनी जिगहेड (शिशाचं डोकं असलेला गळ), एक-दोन मिनो (लहान माशाच्या आकाराचे) आणि एक पॉपर (पाण्यावर खळबळ करणारा) घेतला तरी पुरे. दुकानातली सगळी पेटी उचलायची गरज नाही. मात्र तीन तोंडांचे गळ काढून एकेरी गळ लावा आणि गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. नैसर्गिक आमिषाला सर्कल हुक (टोक आत वळलेला गळ) लावा, तो सहसा माशाच्या ओठाच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही. उलटा काटा दाबलेला गळ आपल्या तळहातात शिरला तरी सहज निघतो. माझ्या मामेभावाच्या अंगठ्यात काट्यासकट गेला होता, तेव्हा आमच्याकडची पक्कड गळ कापू शकली नाही आणि तसाच त्याला 20 किलोमीटर दवाखान्यात न्यावा लागला. तेव्हापासून नवीन पक्कड घेतली की घरी एक जुना गळ कापून बघतो. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही आठवून ठेवा.

शेंगाळ्याच्या पाठीवरच्या आणि कल्ल्यांजवळच्या काट्यांना विष असतं, वागळीच्या (स्टिंग-रेच्या) शेपटीलाही. शेंगाळा हाताने धरायचा नाही, पक्कडीने. वाळूत उतरल्यावर पाय उचलून टाकायचे नाहीत, घासत चालायचं, म्हणजे वाळूत दबलेली वागळी आधीच सरकते. काटा लागलाच तर जखमी भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-एक तास बुडवून ठेवा, उष्णतेने त्या विषाचा जोर उतरतो, आणि मग डॉक्टरकडे जा. यासाठी मी एक थर्मास गरम पाणी गाडीत ठेवतो. पायात जाड तळव्याचे बूट हवेत, चप्पल नको. कालवांनी कापलेला पाय खाऱ्या पाण्यात लवकर भरत नाही. डोळ्यांवर पोलराइज्ड गॉगल हवा, तो उन्हासाठी आहे तसा उलट उडून येणाऱ्या शिशासाठीही. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, कान झाकणारी टोपी, माणशी चार लिटर पाणी, मीठ घातलेलं कोकम सरबत. घाम थांबला आणि डोकं दुखायला लागलं तर सावली गाठायची, मासा राहू दे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो ती. चोणक नर म्हणून मोठा होतो आणि पुढे वाढल्यावर मादी होतो. म्हणजे खाडीतले मोठे चोणक बहुधा माद्याच असतात, आणि पावसाळ्याच्या सुमाराला त्या खाडीच्या तोंडाशी अंडी घालतात, एकेक मादी लाखोंनी. मेमध्ये संगमावर लागलेला आठ-दहा किलोचा चोणक म्हणजे पुढच्या कित्येक वर्षांची खाडी आपल्या हातात असते. गोबऱ्याचं उलट आहे, तो मादी म्हणून सुरू होतो आणि मोठा झाल्यावर नर बनतो. तिथेही मोठे मारले की जोडीच मोडते. मी आणि माझ्याबरोबर येणारी मंडळी घरी खाण्यापुरता एखादा मध्यम मासा ठेवतो, फार मोठा आणि फार लहान दोन्ही सोडतो.

पण सोडायचा तर तो जगला पाहिजे, आणि गरम पाण्यात तेच अवघड असतं. पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि दमलेल्या माशाला तर तो जास्त लागतो. म्हणून उन्हाळ्यात बारीक लाइनवर अर्धा तास खेळवत बसण्याचा शौक करू नये, मजबूत सामान घ्यावं आणि लवकर आणावा. गाठी नसलेल्या रबरी जाळ्यात घ्या, हात आधी ओले करा, शक्यतो पाण्यातच गळ काढा. फोटो हवा असेल तर मोबाइल आधी तयार ठेवा. माशाला वर काढलं की आपणही श्वास रोखायचा. आपला श्वास संपला की त्याला परत पाण्यात ठेवायचं. जबड्याला धरून लटकवू नका, पोटाखाली दुसरा हात द्या. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून धरा. शेपटीने तो स्वतः हिसका देईपर्यंत सोडू नका. कधी दोन मिनिटं लागतात, कधी दहा. माझ्या हातातून तो हिसका देऊन एखादी मोठी चोणक निघून जाते तेव्हाचा आनंद मला ताटातल्या तुकडीपेक्षा मोठा वाटतो.

जो ठेवायचा त्यासाठी आदल्या संध्याकाळीच बर्फ आणा, माशाच्या वजनाइतका तरी. फोडलेल्या बर्फात थोडं समुद्राचं पाणी घाला, नुसत्या बर्फाच्या ढेकळांपेक्षा मासा त्यात लवकर गार होतो. बांगडा, सुरमई, कुपा हे उन्हात तासभर जरी राहिले तरी त्यांच्यात हिस्टामिन तयार होऊ लागतं, आणि ते शिजवून जात नाही. तोंड लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर गांध्या उठणं, सगळं त्याने होतं. केंड (फुगणारा विषारी मासा) लागला तर खायचा विचारही नको, सोडून द्या. तुटलेली तंगूस एका डब्यात गोळा करून घरी आणा, ती तिवरांच्या मुळांत अडकली की वर्षानुवर्षं पक्षी आणि मासे अडकत राहतात.

परतल्यावर आंघोळीआधी रीळ. ड्रॅगची चकती घट्ट करा म्हणजे आत पाणी जात नाही, गोड्या पाण्याची हलकी धार सोडा, जोराचा फवारा नको, तो मीठ आत ढकलतो. पुसून सावलीत वाळवा आणि मग ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, आवराआवर सुरू झाली, पापड-कुरडया डब्यांत गेल्या, की त्याच दिवसांत रिळाला तेल द्यायचं, गंजलेले गळ काढून टाकायचे आणि वहीत लिहायचं: तिथी, भरतीची वेळ, वारा कुठून होता, पाणी गढूळ की निवळ, काय लागलं, काय सोडलं. माझी वही 2009 पासूनची आहे. पुढच्या मेमधली त्रयोदशी मी तिच्यात आत्ताच खूण करून ठेवलीय.