थांबलेला कॉन्ट्रास्ट म्हणजे थांबलेलं रक्त नव्हे

टेस (TACE), म्हणजे यकृतातल्या गाठीच्या धमनीत औषध देऊन ती धमनी बंद करण्याचा उपचार. त्याचं मूळ गणित तुम्हाला ठाऊक आहेच. यकृताला साधारण तीन चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून मिळतं, गाठ मात्र बहुतांशी हेपॅटिक आर्टरीवर जगते. म्हणून धमनीतून औषध द्यायचं आणि तिची रसद तोडायची. पण थांबायचं केव्हा, हे फक्त पडद्यावरच्या चित्रावरून ठरतं. मी तिथेच चुकले.

फेलोशिपचा दुसरा महिना. यकृताच्या आठव्या सेगमेंटमधली गाठ, एकच ठळक फीडर (गाठीला रक्त पुरवणारी फांदी), मायक्रोकॅथेटर, म्हणजे बारीक नळी, अगदी आत नेलेला. थोडे बीड्स (धमनी बुजवणारे सूक्ष्म मणी) गेल्यावर टेस्ट इंजेक्शन केलं, तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रेत दिसणारं द्रव, जागच्या जागी उभा. मी 'स्टॅसिस', म्हणजे प्रवाह थांबला, असं म्हणाले आणि केस संपवली. महिन्याभरानं सीटी झाला, तर आर्टेरियल फेजमध्ये (धमन्या उजळतात त्या टप्प्यात) अर्धी गाठ लख्ख उजळलेली. त्या रुग्णाला पुन्हा टेबलावर यावं लागलं. ते मला आजही बोचतं.

झालं काय, ते नीट समजून घ्या. 2.7 फ्रेंचचा मायक्रोकॅथेटर बाहेरून 0.9 मिलिमीटर असतो. फीडर जेमतेम एक मिलिमीटरचा, त्यात वायरनं चाळवल्यामुळे स्पाझम, म्हणजे धमनी आवळलेली. म्हणजे कॅथेटर बुचासारखा बसतो. कॉन्ट्रास्ट पुढे सरकायला मागून रक्त यावं लागतं. ते बुचामागेच अडतं. त्यामुळे पुढची वाट उघडी असूनही कॉन्ट्रास्ट उभा राहतो. याच्या उलटही फसगत होते. अशा वेळी सिरिंज जोरात दाबली, तर गाठ छान उजळते, कारण तेव्हा पंप हृदय नसतं, तुमचा अंगठा असतो. आणखी जोर केला तर कॉन्ट्रास्ट मागे उलटून शेजारच्या फांद्यांत शिरतो. या दोन्ही चित्रांतून खरा प्रवाह कळत नाही.

आता मी काय करते? कॅथेटरचं टोक थोडं मागे, रुंद फांदीत घेते. टोकाजवळ धमनी निमुळती दिसली तर रक्तदाब पाहून धमनी सैल करणारं नायट्रोग्लिसरिन. पाच मिनिटं थांबते, कारण बीड्स पुढे सरकून जागा लावून घेतात आणि प्रवाह परततो. मग हलक्या हातानं इंजेक्शन. बीड्ससाठी आपण जवळपास स्टॅसिस गाठतो, म्हणजे कॉन्ट्रास्टचा स्तंभ 2 ते 5 ठोक्यांत निघून जायला हवा. तो मुळीच हलत नसेल, तर आधी कॅथेटरवर संशय घ्या. पहिला आणि शेवटचा रन (इंजेक्शन देताना घेतलेली एक्स-रे चित्रमालिका) एकाच जागेवरून, त्याच वेगानं, तेवढ्याच कॉन्ट्रास्टनं घेतला तरच तुलना खरी.

रक्तपुरवठा रंगांत दाखवणाऱ्या परफ्यूजन नकाशांचंही तेच. टोकाची जागा किंवा इंजेक्शनचा वेग बदलला की रंग बदलतात. नुसत्या रंगावर निर्णय घेऊ नका, स्पष्ट सांगते.

वेळ वाचवायला कोन-बीम सीटी, म्हणजे टेबलावरच होणारा त्रिमितीय स्कॅन, गाळणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. डीएसएमध्ये, म्हणजे हाडं वगैरे वजा करून फक्त रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सपाट चित्रात, सगळं एकावर एक दिसतं. यकृताच्या घुमटाखालच्या गाठीची एक कड कोन-बीमवर रिकामी राहिली, तर उजव्या इन्फिरिअर फ्रेनिक आर्टरीत (श्वासपटलाच्या धमनीत) डोकावल्याशिवाय उठायचं नाही. आणि श्वास रोखण्याचा सराव रुग्णाकडून आधीच करून घ्या. रुग्ण हलला की डीएसएचं वजा केलेलं चित्र वाचता येत नाही.

पहिले काही महिने प्रत्येक ब्लश (कॉन्ट्रास्टनं गाठ उजळणं) सारखाच वाटतो. तसं वाटलं म्हणून खचू नका, डोळा हळूहळू बसतो. तो लवकर बसायला हवा असेल, तर रन लावून आधी तुम्हाला बोलू देणारे सर शोधा. हात भराभर चालणारे पुष्कळ असतात, पण गप्प बसून तुमचं ऐकणारे थोडे.

त्या रुग्णाच्या दुसऱ्या खेपेला टोक मागे घेतलं आणि घड्याळाकडे पाहत उभी राहिले. तिसऱ्या मिनिटाला फीडर बंदच वाटत होता. पाचव्या मिनिटाला हलकं इंजेक्शन केलं, तर कॉन्ट्रास्ट सरळ गाठीत गेला आणि एका ठोक्यातच धुऊन निघाला. ब्लश अजून शिल्लक होता. मग उरलेले बीड्स दिले.