कुणाला पुस्तक सुचवायचं असेल तर

'प्रत्येकाने वाचलीच पाहिजेत अशी पुस्तकं सांग' असं कुणी म्हटलं की आपल्या तोंडून भराभर दहा नावं निघतात. समोरचा ती लिहून घेतो आणि बहुतेकदा गोष्ट तिथेच संपते. नावं चांगलीच असतात, पण ती त्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून निवडलेली नसतात. अभिजात साहित्य आणि विज्ञानकथा यांच्या बाबतीत हे जास्त घडतं, कारण दोन्हींची लोकांना आधीपासूनच धास्ती असते. एक जड म्हणून, दुसरं 'विज्ञान आपल्याला कळत नाही' म्हणून. ही धास्ती घालवणं शक्य आहे आणि त्यासाठी थोडी मेहनत घ्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आधी विचारा

शेवटचं कोणतं पुस्तक आवडलं, हे सगळेच विचारतात. त्याहून कामाचा प्रश्न म्हणजे, कोणतं अर्धवट टाकलं आणि का? वर्णनं लांबली म्हणून सोडलं, पात्रांचा गोंधळ झाला म्हणून सोडलं, फार उदास वाटलं म्हणून सोडलं, यातलं प्रत्येक उत्तर तुमची निवड बदलून टाकतं. मग विचारा, सध्या डोक्यात काय घोळतंय? पुस्तक बहुधा या शेवटच्या उत्तरातच सापडतं.

प्रश्नावरून पुस्तकाकडे जा

समजा, त्या व्यक्तीला कृत्रिम बुद्धिमत्तेची काळजी वाटते. तिच्या हातात मेरी शेलीचं 'फ्रँकेन्स्टाइन' द्या. १८१८ सालची ही कादंबरी अभिजातही आहे आणि विज्ञानकथांची सुरुवात अनेक जण तिच्यापासूनच मानतात. चित्रपटांमुळे फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचं नाव समजलं जातं. खरं तर ते त्याला घडवणाऱ्या तरुण संशोधकाचं नाव आहे. त्या जिवाला कादंबरीभर नावच मिळत नाही. तो चोरून भाषा शिकतो, इंग्रज कवी मिल्टनचं 'पॅरडाइज लॉस्ट' हे महाकाव्य वाचतो आणि मग आपल्या निर्मात्याला जाब विचारतो. निर्माण केलेल्या गोष्टीची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न इतक्या वेदनेने मांडलेला मी क्वचितच पाहिला आहे. त्यानंतर आयझॅक असिमॉव्हचं 'आय, रोबॉट' (१९५०) सुचवा. तिथे यंत्रमानवांना तीन नियम घालून दिलेले आहेत आणि त्या नियमांतून निघणारे पेच हाच कथांचा विषय आहे. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचली की जुनं आणि नवं एकमेकांशी बोलू लागतं.

पाळत, हुकूमशाही, सत्याची मोडतोड यांनी अस्वस्थ असलेल्यांना जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४' सगळेच सुचवतात. ते सुचवावंच. पण सोबत येवगेनी झाम्यातिनचं 'वुई' सांगायला विसरू नका. ते १९२० च्या सुमारास लिहिलेलं आहे. त्यात माणसांना नावांऐवजी क्रमांक आहेत आणि घरांच्या भिंती काचेच्या. लेखकाच्या स्वतःच्या देशात, म्हणजे सोव्हिएत रशियात, ते १९८८ पर्यंत छापलं गेलं नव्हतं. ऑर्वेलने ते '१९८४' च्या आधी वाचलं होतं आणि त्यावर लिहिलंही होतं.

आयुष्य नीटनेटकं चाललंय, तरी आत काहीतरी रिकामं आहे, असं म्हणणाऱ्याला टॉलस्टॉयचं 'द डेथ ऑफ इव्हान इलिच' द्या. जवळचं माणूस गमावलेल्याला, तो तयार असेल तरच, स्तानिस्लाव लेमचं 'सोलॅरिस'.

बारीक पुस्तकापासून सुरुवात

टॉलस्टॉय म्हणजे 'युद्ध आणि शांती' असं समजून लोक थेट त्या डोंगराला भिडतात. 'इव्हान इलिच' एक-दोन बैठकींत संपतं आणि टॉलस्टॉयची ताकद पुरती दाखवतं. काफ्काचं 'मेटामॉर्फोसिस' किंवा एच. जी. वेल्सचं 'द टाइम मशीन' (१८९५) तितकंच आटोपशीर आहे. वेल्सचा प्रवासी ८,०२,७०१ या सालात पोहोचतो. तिथे माणसाचे दोन वंश झालेले दिसतात, आणि श्रीमंत-गरीब यांच्यातली दरी वाढत गेली तर काय होईल, हे वाचकाला कुणी वेगळं सांगावं लागत नाही. विज्ञानकथा कधीच वाचली नसेल तर कथासंग्रह बरा. जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' त्यासाठी उत्तम. त्यातलं विज्ञान एका खऱ्या वैज्ञानिकाच्या हातचं आहे आणि भाषा सोपी आहे.

आवृत्ती पाहून घ्या

हे काम कंटाळवाणं वाटलं तरी टाळू नका. अनेक अभिजात पुस्तकांच्या मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्त्या असतात, आणि तसं मुखपृष्ठावर बारीक अक्षरात छापलेलं असतं किंवा नसतंही. अनुवाद कशावरून केलाय, तेही पाहा. 'सोलॅरिस' मूळ पोलिश. १९७० साली आलेला त्याचा इंग्रजी अनुवाद फ्रेंच अनुवादावरून केलेला होता. थेट पोलिशवरून इंग्रजीत यायला २०११ साल उजाडलं. पर्याय असेल तेव्हा मुळाशी जवळचा अनुवाद सांगा.

मालिका असेल तर क्रमही सांगा. असिमॉव्हच्या 'फाउंडेशन' मालिकेत कथेच्या काळानुसार आधी येणारी पुस्तकं त्याने पुष्कळ नंतर, १९८८ पासून लिहिली. माझं मत ठाम आहे: प्रकाशनाच्या क्रमाने, म्हणजे १९५१ च्या पहिल्या पुस्तकापासून वाचावं.

चढ कुठे आहे ते आधीच सांगा

वाचक पुस्तक सोडतो ती जागा बहुतेकदा ठरलेली असते. 'फ्रँकेन्स्टाइन' एका दर्यावर्दीच्या पत्रांनी सुरू होतं आणि माणूस विचारात पडतो, राक्षस कुठे आहे? पत्रं थोडीच आहेत, एवढं सांगितलं की पुरतं. 'फाउंडेशन' दर भागात अनेक वर्षं पुढे उडी मारतं, पात्रं बदलतात, तेव्हा एखाद्याच पात्रात जीव गुंतवू नको म्हणावं. 'युद्ध आणि शांती' सुरू होतं एका मेजवानीने, जिथे माणसंच माणसं. त्यात रशियन पद्धतीनुसार एकाच माणसाला नाव, वडिलांवरून आलेलं नाव, आडनाव आणि लाडाचं नाव. एका कागदावर नावं लिहून तो पुस्तकात ठेवायला सांगा. पन्नासेक पानांनंतर त्या कागदाकडे फारसं पाहावं लागत नाही.

सुचवताना

एका वेळी एकच पुस्तक, फार तर दोन. कथानक सांगू नका. 'जगातलं सर्वश्रेष्ठ' म्हणू नका, त्याने वाचणाऱ्यावर ओझं येतं. तुम्ही परवा जे म्हणत होतात, त्यावरच हे आहे, इतकं बोलणं पुरेसं असतं. आणि स्वतः न वाचलेलं पुस्तक केवळ नावाजलेलं आहे म्हणून पुढे करू नका. शंका विचारली की उत्तर देता येत नाही.

महिनाभराने 'वाचलंस का?' असं विचारून परीक्षा घेऊ नये. तो आपणहून विषय काढेल. सोडून दिलं असेल तर कोणत्या पानापाशी सोडलं ते विचारा, आणि पुढचं पुस्तक त्यावरून ठरवा.