दालचिनीचे रोल घरी करताना या चुका टाळा

दालचिनीच्या रोलला लागणारे साहित्य अगदी साधे आहे: मैदा, दूध, साखर, लोणी, यीस्ट आणि दालचिनी. तरीही रोल बिघडतात, आणि माझ्या अनुभवात त्याचे कारण बहुतेक वेळा कौशल्याची उणीव हे नसते, तर एखादा जिन्नस चुकीच्या ठिकाणी किंवा चुकीच्या वेळी घातलेला असतो. पहिल्यांदा रोल केले तेव्हा सुगंध आतपर्यंत मुरावा म्हणून मी दोन चमचे दालचिनीपूड मैद्यातच मिसळली होती. दोन तासांनी उंड्यावरचे ओले फडके उचलले, तर तपकिरी उंडा ठेवला होता तेवढाच होता आणि बोटाने दाबल्यावर पडलेला खळगा तसाच राहिला. दालचिनीला जिच्यामुळे वास आणि तिखटपणा येतो ते सिनामाल्डिहाइड यीस्टची वाढ रोखते, हे मला नंतर कळले. म्हणून दालचिनीची जागा सारणात; पिठात घालायचीच असेल, तर चिमूटभरापलीकडे जाऊ नये.

नऊ रोलसाठी ३०० ग्रॅम मैदा, १८० मिलिलिटर दूध, ४० ग्रॅम साखर, ४० ग्रॅम मऊ लोणी, एक छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट आणि पाऊण छोटा चमचा मीठ हे प्रमाण चांगले जमते. दूध करंगळीला जेमतेम कोमट लागेल इतपतच, म्हणजे ३५ ते ४० अंश सेल्सियस तापलेले असावे. उकळलेले दूध घाईने ओतले की यीस्ट मरते आणि मग पीठ कितीही वेळ झाकून ठेवले तरी फुगत नाही. यीस्टचे पाकीट बरेच दिवस उघडे राहिले असेल, तर चमचाभर यीस्ट कोमट दूध-साखरेत घालून दहा मिनिटे थांबावे, आणि वर फेस आला नाही तर ते वापरू नये. मैदा वाया जाण्यापेक्षा दहा मिनिटे गेलेली परवडतात.

पीठ हाताला चिकटते म्हणून वरून मूठ मूठ मैदा घालत राहणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. पोळीची कणीक मळण्याची सवय असलेल्या हाताला हे पीठ सुरुवातीला सैल आणि चिकट वाटते, आणि ते तसेच असायला हवे. आठ-दहा मिनिटे नेटाने मळल्यावर चिकटपणा आपोआप कमी होतो आणि सुपारीएवढा गोळा दोन्ही हातांनी हळूहळू ताणला, तर पलीकडचा उजेड दिसेल असा पातळ पापुद्रा न फाटता तयार होतो. पीठ फुगायला किती वेळ लागेल हे मात्र घड्याळावर ठरवू नये. मे महिन्यात जे पीठ पाऊण तासात दुप्पट होते, त्याला डिसेंबरच्या थंडीत दोन तासही लागू शकतात.

आता दालचिनीविषयी थोडे सविस्तर. बाजारात दालचिनी म्हणून मिळणारी जाड, कडक, एकाच थराची साल बहुधा कॅशिया असते. तिचा वास उग्र असतो आणि ती खलबत्त्यात सहज कुटली जात नाही. खऱ्या दालचिनीच्या काडीत कागदासारखे पातळ थर एकात एक गुंडाळलेले असतात आणि ती बोटांनीही चुरते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेली ‘कोकण तेज’ ही जात खऱ्या दालचिनीचीच आहे. रोलसाठी दोन्ही चालतात. मात्र कॅशियामध्ये कुमारिन हे जास्त झाल्यास यकृताला अपायकारक ठरणारे द्रव्य बरेच अधिक असते, त्यामुळे असे पदार्थ घरात वरचेवर होत असतील, तर खरी दालचिनी घ्यावी. पूड ताजी कुटावी आणि चाळून घ्यावी, नाहीतर सालीचे कण दाताखाली येतात.

सारण वाहून जाऊन तळाशी करपणे, ही तक्रार जवळपास प्रत्येक जण करतो. लोणी वितळवून पसरले की साखर त्यात भिजते आणि लाटलेल्या पोळीवरून घसरते. त्याऐवजी ५० ग्रॅम मऊ लोण्यात ८० ग्रॅम ब्राउन शुगर, दोन छोटे चमचे दालचिनीपूड आणि एक चमचा मैदा कालवून त्याचा लेप लावावा. ओव्हनमध्ये साखर वितळली तरी मैदा तिला धरून ठेवतो. गूळ वापरायचा असल्यास कोरडी गूळपावडरच घ्यावी.

गुंडाळी अळूवडीसारखी घट्ट करू नये. अळूवडीला घट्टपणा हवाच असतो, पण या पिठाला अजून फुगायचे असते आणि जागा मिळाली नाही की रोलचा मधला भाग शंकूसारखा वर येतो. कापताना सुरी दाबली तर गोल रोल चपटा होतो, म्हणून गुंडाळीखालून जाड सुती दोरा सरकवून, वर त्याची टोके एकमेकांवरून फिरवून ओढावीत. काप स्वच्छ पडतो आणि थर मोकळे राहतात.

कापलेले रोल ताटलीत अर्धा-पाऊण तास पुन्हा फुगू द्यावेत आणि मग आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर २२ ते २५ मिनिटे भाजावेत. छोट्या ओव्हनमध्ये वरची कांडी जवळ असल्याने रंग लवकर येतो आणि मध्य कच्चा राहतो. तसे दिसताच वर फॉइल झाकावे. शंका असेल, तर मधल्या रोलचे टोक काट्याने उचलून पाहावे. आतले पीठ ओलसर व चकचकीत दिसले, तर आणखी पाच मिनिटे लागतील.

पिठीसाखर आणि दुधाचा लेप गरम रोलवर ओतला तर तो पातळ होऊन तळाशी जातो, त्यामुळे दहा मिनिटे थांबणे आवश्यक आहे. उरलेले रोल फ्रिजमध्ये ठेवू नयेत, कारण तिथल्या थंडीत पावाचा मऊपणा सर्वांत लवकर जातो. घट्ट झाकणाच्या डब्यात ते दुसऱ्या दिवसापर्यंत बाहेर चांगले राहतात, आणि खाण्यापूर्वी ताटलीत थेंबभर दूध शिंपडून, झाकण ठेवून मंद आचेवर दोन मिनिटे गरम केले की पुन्हा मऊ होतात.