हॉकिंगचं सोन्याचं नाणं घरी कसं तपासाल?

ब्रिटनच्या टांकसाळीने २०१९ मध्ये स्टीफन हॉकिंग यांच्या स्मरणार्थ ५० पेन्सचं नाणं काढलं. सोन्यातलं नाणं २२ कॅरेटचं, १५.५ ग्रॅम वजनाचं, २७.३ मिलिमीटर रुंद. याच रुंदीचं तांबे-निकेलचं नाणं ८ ग्रॅमचं असतं. त्याला सोन्याचा मुलामा दिला की फोटोत फरक ओळखू येत नाही. काट्यावर ८ दिसले तर विषय तिथेच संपला. खरी गोम चांदीच्या दुप्पट जाडीच्या नाण्यात आहे. ते भरतं १६ ग्रॅम, त्यामुळे त्याला मुलामा दिला तर साध्या काट्यावर सहज फसगत होते. लोहचुंबकाचा उपयोग नाही. सोनं, चांदी आणि तांबे-निकेल, तिन्ही त्याला चिकटत नाहीत.

म्हणून पाण्यात वजन करा. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हवा. ०.१ चा काटा इथे कुचकामी, कारण मोजायचा आकडाच एका ग्रॅमच्या आत आहे. पाणी घ्यायचं ते बॅटरीत घालतात तसलं, डिस्टिल्ड. बोअरच्या पाण्याने घनतेत फारसा फरक पडत नाही, पण आरशासारख्या पृष्ठभागावर क्षारांचे डाग राहतात.

आधी नाण्याचं कोरडं वजन लिहून ठेवा. मग पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. बारीक नायलॉनच्या दोऱ्याने नाणं बांधा आणि पूर्ण बुडेल असं अधांतरी धरा. सुती दोरा सोलापुरात गल्लोगल्ली मिळेल, पण तो पाणी पितो. नाणं तळाला टेकलं की आकडा एकदम चढतो आणि अस्सल सोनंही खोटं ठरतं. नक्षीच्या रेषांत आणि सात कडांना बुडबुडे अडकतात, त्यानेही घनता कमी दिसते. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. पंखा बंदच ठेवा, एप्रिल असला तरी.

नाणं अधांतरी बुडालेलं असताना काट्यावर दिसणाऱ्या आकड्याने कोरड्या वजनाला भागा, की घनता मिळते. अस्सल नाण्याला काट्यावर ०.८७ ते ०.८८ च्या आसपास आकडा येतो, म्हणजे घनता साधारण १७.७. चांदी असेल तर काट्यावरचा आकडा १.५ च्या पुढे. उन्हाळ्यात पाणी कोमट असल्याने अर्धा टक्का इकडेतिकडे होतं, ते सोडून द्या.

टंगस्टन या जवळपास सोन्याइतक्याच घनतेच्या धातूचा गाभा मात्र या चाचणीला चकवू शकतो. सोलापूरच्या मंगळवार पेठेतल्या सराफाकडचं एक्स-रे मशीनही फक्त वरचा थर वाचतं. गाभ्यासाठी अल्ट्रासोनिक तपासणी लागते.

शेवटी नाणं टॉवेलने घासू नका, सोलापुरी टॉवेल असला तरी. कडेने धरून टिश्यूवर टेकवा आणि पूर्ण वाळल्यावरच डबीत घाला.