राजकीय खटल्याचा निकाल कसा वाचावा

शिवसेनेतील फुटीनंतरच्या महाराष्ट्रातील सत्तासंघर्षावर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी एकमताने निकाल दिला, तेव्हा ठाकरे आणि शिंदे या दोन्ही गटांनी आपलाच विजय झाल्याचे सांगितले. दोघांच्याही हाती निकालाचा एकेक तुकडा होता, म्हणून ते शक्य झाले. त्यामुळे कोण जिंकले हे विचारण्याआधी न्यायालयापुढे कोणते प्रश्न होते, ते शोधावे.

मूळ निकालपत्र न्यायालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. सुनावणीतील तोंडी शेरे बाजूला ठेवावेत. युक्तिवाद कितपत टिकतो हे पाहण्यासाठी न्यायमूर्ती स्वतःला न पटणारे प्रश्नही विचारतात आणि बातमीत तेच त्यांचे मत म्हणून छापले जाते.

वाचनाची सुरुवात शेवटाकडून करावी, कारण निष्कर्ष बहुधा तिथेच असतात. वरील निकालात ते असे आढळतात: राज्यपालांपुढे पुरेशी वस्तुनिष्ठ सामग्री नसताना त्यांनी बहुमत चाचणीस सांगणे समर्थनीय नव्हते, प्रतोद, म्हणजे आमदारांना पक्षादेश बजावणारा, राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष (पक्षाच्या आमदारांचा गट) नव्हे, त्यामुळे शिंदे गटाच्या नव्या प्रतोदाला विधानसभा अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा होती, तरीही पूर्वीचे सरकार परत आणता येत नाही, कारण तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी २९ जून २०२२ रोजी चाचणीला सामोरे न जाता स्वेच्छेने राजीनामा दिला होता. आता मागे वळून या ‘तरीही’चा शोध घ्यावा. कृती चुकीची ठरणे आणि तिचा परिणाम पुसला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि राजकीय खटल्यांत वाचकाची फसगत बहुतेक वेळा याच ठिकाणी होते.

यानंतरचे काम सर्वांत कष्टाचे आहे. अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. पण निकालातील प्रत्येक वाक्य म्हणजे असा कायदा नव्हे. एखादे विधान वगळले तरी आदेश तसाच राहत असेल, तर ते ओघात केलेले भाष्य असण्याची शक्यता असते. ही कसोटी उपयुक्त आहे, पण तिला पूर्ण शरण जाऊ नये. राज्यपालांविषयीचा निष्कर्ष काढून टाकला तरी सरकार परत आले नसतेच. तरीही त्याला केवळ भाष्य म्हणणे मला पटत नाही, कारण तो प्रश्न पीठापुढे रीतसर उभा होता आणि त्यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद झाला होता.

पीठाची सदस्यसंख्याही पाहावी. अध्यक्षांना हटवण्याची नोटीस प्रलंबित असताना त्यांनी अपात्रतेचा निर्णय द्यावा का, यावरील २०१६ चा नबाम रेबिया निकाल पाच न्यायमूर्तींचाच होता. तितक्याच सदस्यांचे पीठ तो बदलू शकत नाही, म्हणून त्याच्या फेरविचाराचा प्रश्न २०२३ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाकडे पाठवण्यात आला.

मतभेद असल्यास अल्पमतही वाचावे. आणीबाणीतील जबलपूर खटल्यात, १९७६ मध्ये, अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही, असे बहुमताने ठरले, तेव्हा न्यायमूर्ती एच. आर. खन्ना एकटे पडले होते. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो बहुमताचा निकाल चुकीचा ठरवला.

शेवटी, न्यायालयाने काय दुसऱ्यावर सोपवले आहे, तेही टिपून ठेवावे. आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी वाजवी मुदतीत घ्यावा, एवढेच त्या निकालात होते. प्रत्यक्ष निर्णय १० जानेवारी २०२४ रोजी आला आणि त्यात कोणत्याही गटाचा आमदार अपात्र ठरला नाही.