स्टीमपंकचा आस्वाद कसा घ्यावा?

वाफेचे युग कधी सरलेच नाही असे मानून रचलेल्या काल्पनिक जगाला स्टीमपंक म्हणतात. कोळसा, पितळ आणि दंतचक्रे यांच्याच बळावर तिथे हवाई जहाजे उडतात आणि गणनयंत्रे चालतात. अमेरिकन लेखक के. डब्ल्यू. जेटर यांनी १९८७ मध्ये ‘लोकस’ या नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात संगणकयुगाच्या विज्ञानकथांना दिलेल्या ‘सायबरपंक’ या नावाच्या धर्तीवर हा शब्द सुचवला आणि तो रूढ झाला. टोपीवर चढवलेला गॉगल ही त्याची सर्वांत परिचित खूण असली, तरी माझ्या मते त्याची खरी गोडी यंत्र उघडे दिसण्यात आहे. हल्लीच्या उपकरणांत काय चालले आहे ते कवचाआड राहते. इथे दट्ट्या, झडपा आणि साखळ्या डोळ्यांसमोर हलतात.

म्हणून सुरुवात पुस्तकापासून न करता एखाद्या खऱ्या वाफेच्या इंजिनापासून करावी. रेल्वे किंवा तंत्रज्ञान संग्रहालयात असे इंजिन बहुधा पाहायला मिळते. तिथे गव्हर्नर, म्हणजे गतिनियंत्रक, शोधावा. फिरत्या उभ्या दांड्याला दोन धातूचे गोळे टांगलेले असतात. इंजिनाचा वेग वाढला की गोळे बाहेरच्या बाजूला फाकत वर उचलले जातात, त्यांना जोडलेली तरफ वाफेची झडप थोडी मिटते आणि वेग उतरतो. वेग फार उतरला की गोळे खाली येतात आणि झडप पुन्हा उघडते. जेम्स वॉट यांनी १७८८ मध्ये ही युक्ती आपल्या इंजिनांना जोडली. यंत्र स्वतःच स्वतःला आवरते हे एकदा डोळ्यांनी पाहिले, की कथेतले कोणते यंत्र विचार करून रचले आहे आणि कोणते नुसते सजवले आहे, हे आपोआप कळू लागते.

त्यानंतर वाचनाकडे वळावे. विल्यम गिब्सन आणि ब्रूस स्टर्लिंग यांची १९९० मधील ‘द डिफरन्स इंजिन’ ही कादंबरी एका नेमक्या प्रश्नावर उभी आहे: एकोणिसाव्या शतकातील इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेज यांचे गणनयंत्र त्यांच्या हयातीतच पूर्ण झाले असते तर? ही कल्पना निराधार नाही, कारण त्यांच्या आराखड्यांवरून लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ मध्ये असे यंत्र बांधले आणि ते बरोबर चालले. वाचताना लेखकाने इतिहासाचा सांधा कुठे बदलला आणि त्या एका बदलातून पुढे काय काय ओघाने आले, याची छोटी टिपणे ठेवावीत. कादंबरी दुप्पट रंगते.

मुळांपर्यंत जायचे असेल तर फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न वाचावेत. त्यांच्या १८८० च्या ‘द स्टीम हाउस’ या कादंबरीत १८५७ च्या उठावानंतरच्या हिंदुस्थानातून वाफेवर चालणारा एक पोलादी हत्ती चाकांवरची घरे ओढत नेतो, आणि नानासाहेब पेशवे हे त्यातले एक पात्र आहे. हत्तीची कल्पना मनाला भुरळ घालते. पण कथेचा नायक इंग्रज अधिकारी आहे आणि नानासाहेब त्याचे वैरी आहेत, हे मराठी वाचकाला बोचल्यावाचून राहत नाही. ही बोच बाजूला सारू नये. त्या युगातले पितळ चकाकत होते तेव्हा कोळसा कोण खणत होते, कच्चा माल कोणत्या वसाहतीतून येत होता, हे प्रश्न प्रत्येक स्टीमपंक कथेला विचारावेत. अलीकडचे अनेक लेखक तर तिथूनच सुरुवात करतात. निसी शॉल यांची २०१६ मधील ‘एव्हरफेअर’ ही कादंबरी बेल्जियमच्या राजाच्या ताब्यातील काँगोचा इतिहास वेगळ्या वळणावर नेते.

चित्रपटांत कारेल झेमन यांचा १९५८ चा चेक चित्रपट ‘व्हिनालेझ स्काझी’ आधी पाहावा. व्हर्न यांच्या पुस्तकांतील जुन्या कोरीव चित्रांसारख्या बारीक रेघा त्याच्या देखाव्यांवर उतरवलेल्या आहेत, त्यामुळे पुस्तकाचे पानच हलू लागल्यासारखे वाटते. पुढे जपानी दिग्दर्शक मियाझाकी यांचा ‘कॅसल इन द स्काय’ (१९८६) आणि ओतोमो यांचा ‘स्टीमबॉय’ (२००४) घ्यावा. दुसऱ्यांदा पाहताना एखादे दृश्य थांबवून वाफ कुठून निघते आणि कशाला ढकलते, एवढेच पाहावे.

स्टीमपंकच्या उत्सवाला जायचे तर इंग्लंडमधील लिंकन आणि न्यूझीलंडमधील ओमारू ही दोन गावे त्यासाठी प्रसिद्ध आहेत. फ्रान्समध्ये व्हर्न यांच्या जन्मगावी, नांत येथे, २००७ पासून बारा मीटर उंचीचा यांत्रिक हत्ती प्रवाशांना पाठीवर घेऊन चालतो. जवळपास लहान मेळावा असला तर तोही चांगलाच. पहिल्या वेळी पूर्ण पोशाखाचा खर्च करू नये. जुनी वास्कट आणि स्वतः बनवलेली एक वस्तू पुरते. मात्र त्या वस्तूवरचे प्रत्येक चक्र दुसऱ्या चक्रात गुंतलेले असावे, कारण नुसते चिकटवलेले चक्र जाणकारांना लगेच खटकते. टोकदार भाग झाकून घ्यावेत आणि छायाचित्र काढण्यापूर्वी परवानगी विचारावी. ‘ही वस्तू काय काम करते?’ असे विचारले की बहुतेक जण आनंदाने सगळे उलगडून सांगतात. चहाचे द्वंद्व भरले असेल तर भाग जरूर घ्यावा: दोघांनी पाच आकडे मोजून होईपर्यंत बिस्किट चहात बुडवायचे, मग ते न सांडता तोंडापर्यंत न्यायचे, आणि ज्याचे बिस्किट सर्वांत शेवटी पण अखंड तोंडात जाते तो जिंकतो.